अठराव्या दिवशीचा ग्लास

(थोरल्याचा जबडा तारांनी बांधलेला आहे, म्हणून तो पाटीवर लिहितो. 'पाटी'समोरचं सगळं बोलणं त्याचं. वहिनी म्हणजे त्याची बायको.)

वहिनी : म्हणजे हाही नको? सकाळपासूनचा हा तिसरा ग्लास आहे. पहिला आंबट होता, दुसरा गार होता. आता ह्याचं काय बिघडलं? लिहा, लिहा, मी उभीच आहे.

पाटी : धागे.

वहिनी : धागे! अहो, पीच आहे तो, रजई नाही. बघू... हो, आहेत. सालीचे आहेत. पण मी तरी काय करू? सुरीने सोलायला जावं तर अर्धा गर सालीबरोबर जातो, बोटांनी ओढावं तर साल तुकड्यातुकड्याने हातात येते. कोपरापर्यंत चिकट झालेय मी. सहा पीच सोलायला पाऊण तास लागला मला.

पाटी : तारेत अडकतात.

वहिनी : माहितीये. आणि जिभेने काढता येत नाहीत, हेही माहितीये. अठरा दिवस तेच ऐकतेय, म्हणजे वाचतेय. पण उद्या दहा वाजता वजन आहे, ते आहे ना लक्षात? काटा साठच्या खाली गेला तर नाकातून नळी घालणार आणि दवाखान्यात ठेवून घेणार. डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले. अडुसष्टाचे साडेसाठ झालात तुम्ही. ही पँट बघा, दोरी बांधून उभी आहे.

पाटी : भूक नाही.

वहिनी : माझ्या बालवर्गातली पोरंही हेच सांगतात. फरक एवढाच की त्यांना मांडीवर घेऊन भरवता येतं. तुम्हाला कुठं घेऊ? ...बेल वाजली. आता ह्या अवतारात मी दार उघडायला जाऊ? कोण आहे? लोटलेलंच आहे, या!

धाकटा : मी आहे, वहिनी. येऊ का आत?

वहिनी : आलातच आहात भाऊजी, तर आता विचारता कशाला?

पाटी : त्याला जायला सांग.

धाकटा : दादा, पाटीचं तोंड माझ्याकडेच आहे. मला वाचता येतं.

वहिनी : रोज येता, रोज हेच वाचून परत जाता. पाय दुखत नाहीत तुमचे?

धाकटा : दुखतात. पण काल तू गॅलरीतून शेजारच्या काकूंना सांगत होतीस ना, हे दोन दिवसांत दोन ग्लासही प्यायले नाहीत म्हणून. मी खालीच होतो. म्हणून हे सहा पीच आणलेत. दाबून बघ, देठापाशी अंगठा बुडतो की नाही. तुझे तर दगड दिसतायत.

वहिनी : मला फळं निवडता येत नाहीत, हे सांगायला आलात?

धाकटा : नाही गं. माझ्या खोलीच्या खाली ज्यूसवाला बसतो ना, त्याच्यापाशी काल दोन तास उभा राहून शिकून आलोय. साल सोलायचीच नसते म्हणे. ती आपली आपण सुटते.

वहिनी : हो का? माझ्याशी वैर होतं वाटतं तिचं.

धाकटा : फळाच्या बुडाला फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडायचं, तिथून काढून थेट बर्फाच्या पाण्यात. मग अंगठ्याने नुसतं ढकललं की साल मोज्यासारखी निघते. धागा नाही, काही नाही. वहिनी, ह्या ग्लासात तू काय काय घातलंस?

वहिनी : पीच, दूध, साखर, बर्फ. आणि ताकद यावी म्हणून मूठभर बदाम.

धाकटा : बदाम! अगं, त्याची कणी तारेत जाऊन बसणार नाही तर काय होणार? आणि बर्फाने नुसतं पाणी होतं. दूध नको, घट्ट दही घ्यायचं. साय आहे ना घरात? वाटीभर साय, अर्धं केळं, मध. आणि शेवटी चहाच्या गाळणीतून काढायचं. लोण्यासारखी होते स्मूदी, नळीतून न ओढता वर येते.

वहिनी : दोन तासांत बरंच शिकलात. जिन्यावर दोन मिनिटं नीट धरून उभं राहायला मात्र जमलं नाही.

धाकटा : बरोबर आहे तुझं.

वहिनी : बरोबर असून माझा काय फायदा? मला नाही असं बोलायचं. पण रोज सकाळी ह्यांच्या दातांतून पिचकारीने पाणी मारून तारा धुते ना मी, तेव्हा डोकं फिरतं. दुसरं कुणी असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्ही घरचे. घरच्याला काय द्यायचं?

धाकटा : शिवीच दे. 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणतेस ना, त्यापेक्षा शिवी बरी. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. 'बारक्या, नाक पूस' म्हणायचीस मला. अठरा दिवसांत मी एकदम मोठा झालो.

पाटी : पुरे. जा तू.

धाकटा : जातो. पण तू एक ग्लास पिऊन दाखव, मग जातो. माझ्या डोळ्यांसमोर एकच ग्लास.

पाटी : तुझ्या हातचं नको.

वहिनी : अहो, असं काय लिहिता? मी बोलले ते रागाने बोलले. तुम्ही तर थंड डोक्याने लिहिताय.

धाकटा : लिहू दे. त्याचा हक्क आहे. जबडा त्याचा मोडलाय, माझा नाही. दादा, मी हजारदा सांगितलंय, अजून एकदा सांगतो. ते दार जिन्यावरून चढवताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी हात बदलला. तुला हाक न देता बदलला. घाम डोळ्यात गेला होता, तो पुसायला एक हात काढला. वरचा माणूस 'बदल' म्हणत नाही तोवर कुणी बोटसुद्धा हलवायचं नाही, हे तूच शिकवलंस मला. पंधरा वर्षं एकही दार आपण पाडलं नाही. आणि त्या दिवशी ते माझ्या हातून सुटलं आणि तुझ्या तोंडावर आलं. चूक माझी. अजून किती वेळा सांगू? लिहून देऊ का?

वहिनी : ते दार किती जड होतं पण? दोघांनीच न्यायची काय गरज होती?

धाकटा : भरीव लाकूड, पितळी कड्या. मी म्हणत होतो तिसरा माणूस घेऊ. दादा म्हणाला, आपण दोघं काय मेलोय का? पण ते जाऊ दे. तिसरा नव्हता म्हणून नाही पडलं ते, मी हात काढला म्हणून पडलं.

वहिनी : झालं ते झालं. आता पुढचं बोला. ह्यांचं पोट भरायचं कसं?

धाकटा : पुढचंही सांगून टाकतो. सोमवारपासून मी गोदामात लागतोय. खोकी मोजायची, चिठ्ठ्या लावायच्या. उचलायचं काही नाही. माझी हत्यारांची पेटी मी काल कारखान्यात ठेवून आलोय, दादाच्या टेबलाखाली.

वहिनी : काय? हे कुणी ठरवलं? आणि कारखाना?

धाकटा : मीच ठरवलं. ज्याच्या हाताचा भरवसा नाही त्याने सुतारकाम करू नये. दादाला परवाच सांगितलं, इथं बसूनच.

वहिनी : आणि तुम्ही काय म्हणालात हो? पंधरा वर्षं ज्याला हाताखाली घडवलंत तो पेटी ठेवून चाललाय, त्यावर तुम्ही काय लिहिलंत?

धाकटा : काही नाही लिहिलं. पाटी उलटी करून ठेवली.

वहिनी : उलटी! अहो, माझ्याकडे बघा. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. राग असावा माणसाला, मलाही आहे. पण सख्ख्या भावाचा संसार मोडेपर्यंत? तो अजून मांडायचाच आहे, ते वेगळं.

पाटी : थकलोय. झोपतो.

वहिनी : झोपायचं नाही! चार वाजलेत. सकाळपासून घशाखाली थेंब नाही. हे बघा, मी आता हात टेकले. एक म्हणतो माझ्या हातचं घे, दुसरा म्हणतो त्याच्या हातचं नको, आणि माझ्या हातचं तर सकाळपासून कुणालाच नको. मग कुणाच्या हातचं चालेल ते तरी सांगा, त्याला बोलावते!

धाकटा : त्याच्या स्वतःच्या.

वहिनी : काय?

धाकटा : त्यालाच करू दे. दादा, हात तर शाबूत आहेत ना तुझे? ऊठ. इथं टेबलापाशी बस. पीच चिरून मी पाण्यात सोडतो, एवढंच. पुढचं सगळं तुझं तू कर. साल काढ, बिया काढ, फोडी कर. मग म्हणता येणार नाही, ह्याच्या हातचं, त्याच्या हातचं.

पाटी : नको.

धाकटा : का नको? पाव इंचाच्या खोबणीत पातं फिरवणारा माणूस तू, तुला पीच सोलता येत नाही? ये. उगाच लाड नकोत.

वहिनी : खरंच, उठा तुम्ही. माझ्या पोरांना एखादी वस्तू खायची नसली की मी त्यांनाच ती कालवायला देते. आपण कालवलेलं पोरं खातात.

पाटी : मी पोर नाही.

वहिनी : मग तसं वागा. बसा. ही खुर्ची सरकवते. बारक... भाऊजी, पाणी उकळलं का?

धाकटा : खळखळतंय. सहाही सोडतो. तू तोवर दुसऱ्या पातेल्यात गार पाणी घे, बर्फ असेल तेवढा टाक.

वहिनी : बर्फ तीनच खडे राहिलाय. सकाळी सगळा स्मूदीत घालून बसले.

धाकटा : तीन चालतील. गॅस बंद करतो. पातेलं टेबलावर आणतोय, हात काढ, दादा. हे इथं. आणि ते गार पाण्याचं शेजारी. झारा कुठाय?

वहिनी : झारा घासायचाय. देते धुऊन. आधी ह्या मिक्सरकडे बघा जरा, सकाळपासून झाकणातून गळतोय. मागच्या ग्लासातला निम्मा ओट्यानेच प्यायला.

धाकटा : गळणारच. रबराची कडी उलटी बसवलीयेस. ही चपटी बाजू वर हवी. आणि पातं बघ, त्याला सालीची दोरी गुंडाळलीये. वहिनी, तुझी स्मूदी दातात नाही अडकली, मिक्सरमध्येच अडकली.

वहिनी : हसा तुम्ही. अठरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसतंय ह्या घरात, तेही माझ्यावर. हा घ्या झारा. अहो, झारा घ्या आणि एकेक पीच काढून... अहो! अहो, हे काय?

धाकटा : काय झालं?

वहिनी : हात बाहेर काढा! उकळतं पाणी आहे ते! बोटं काढा आधी!

धाकटा : दादा! ते गरम पातेलं आहे. गारचं पलीकडे आहे! सोड तो पीच, हात काढ!

वहिनी : नळाखाली चला. चला आधी. अगं बाई, कशी लालभडक झालीत बोटं. जरा म्हणून ओरडायला... ओरडता येत नाही, ते ठीक, पण हात तरी झटकायचा! भाजलं नाही तुम्हाला?

धाकटा : वाफ नाही दिसली तुला? पंख्याखाली नसेल दिसली म्हणा. पण दादा, बोट घातल्याबरोबर कळतं की रे. तू तर उजव्या हाताची बोटं बुडवून सावकाश पीच शोधत होतास.

वहिनी : लक्ष नसेल ह्यांचं. उपाशीपोटी भोवळ आली असेल. धरा, अजून थोडा वेळ नळाखाली धरा.

धाकटा : थांब, वहिनी. नळ बंद कर. दादा, तिकडे बघ, खिडकीकडे. इकडे बघायचं नाही. आता मी काय करतोय?

वहिनी : अहो भाऊजी, भाजलेल्या हाताला चिमटे काय काढताय?

धाकटा : तेच. चिमटा काढतोय मी, आणि त्याची पापणी हलत नाहीये. दादा, कुठल्या बोटाला काढला? बोट दाखव. ...वहिनी, त्याला कळतच नाहीये.

वहिनी : काहीतरीच काय!

धाकटा : तू डाव्या हाताने का लिहितोयस, दादा? हे मी पहिल्या दिवसापासून विचारणार होतो.

वहिनी : उजवा खांदा आखडलाय म्हणाले ते. पडताना मार लागला म्हणून. अक्षर बघताय ना, कोंबडीचे पाय.

धाकटा : खांद्याचं दुखणं बोटांत कसं येईल? दादा, पाटी घे. कुठली बोटं?

पाटी : तीन.

धाकटा : अंगठा?

पाटी : थोडा कळतो.

वहिनी : म्हणजे ह्या पडण्यातच झालं हे? आणि तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाही? मी समोर बसले होते, ते विचारत होते आणखी कुठे दुखतंय का, आणि तुम्ही मान हलवलीत!

धाकटा : दादा, पडल्यापासून?

वहिनी : लिहा ना. खडू हातात धरून काय बसलात?

पाटी : त्याआधी.

धाकटा : त्याआधी म्हणजे कधी?

पाटी : चार महिने.

वहिनी : चार महिने! चार महिने एका ताटासमोर बसतोय आपण!

धाकटा : गप, वहिनी, जरा गप. रागावू नकोस, पण एक मिनिट गप बस. दादा, त्या दिवशी खाली तू होतास. दाराची खालची कड तुझ्या हातात. उजव्या हातात. मी घाम पुसायला हात काढला तेव्हा दार माझ्या दुसऱ्या हाताला हिसका देऊन गेलं. मी समजलो माझ्या हात काढण्यानेच. पण एका हाताने मी असलं दार वळणावर शंभरदा तोललंय. हिसका आला तो खालून आला. खालून का आला?

वहिनी : पाटी पुसू नका. आधी कोरीच आहे, पुसताय काय? लिहा.

पाटी : माझा हात आधी सुटला.

वहिनी : पुढे लिहा.

पाटी : बोटं उघडली. मला कळलंच नाही. दार खाली बसलं. मग तुझ्या हातून ओढलं गेलं.

धाकटा : म्हणजे मी नाही.

पाटी : नाही.

धाकटा : मी नाही पाडलं.

पाटी : तू एकट्याने क्षणभर धरलंस. नाहीतर मान गेली असती.

वहिनी : अरे देवा.

धाकटा : अठरा दिवस! अठरा दिवस, दादा! दवाखान्याच्या पायरीवर मी रडत बसलो होतो, तू स्ट्रेचरवरून बघत होतास. तेव्हा तुला बोलता येत नव्हतं, मान्य. पण दुसऱ्या दिवशी ही पाटी आली ना? तिसऱ्या दिवशी? दहाव्या दिवशी? मी रोज ह्या दारात येऊन चूक माझी, चूक माझी म्हणत होतो आणि तू पाटीवर 'धागे' लिहीत होतास!

वहिनी : मी विचारलं होतं ह्यांना. दवाखान्यातून घरी आणलं त्याच रात्री. म्हटलं, बारक्यामुळेच झालं ना हे? एवढाच प्रश्न. तर ह्यांनी पाटी पुसली. मी म्हटलं, किती मोठं मन, भावाचं नाव घेत नाहीत. आणि मी मूर्ख, त्या मोठ्या मनाच्या जोरावर ह्या पोराला भाऊजी, भाऊजी म्हणून टोचत राहिले. तुम्ही बघत होतात! समोर बसून बघत होतात!

पाटी : हो.

वहिनी : हो काय, हो? नुसतं हो!

धाकटा : का पण? एवढं सांग. मला गोदामात जाताना बघवलं तुला? पेटी ठेवली म्हणून सांगितलं, तेव्हा एक शब्द लिहायचा होतास. 'थांब' एवढाच. दोन अक्षरं आहेत, डाव्या हाताने लिहिली असतीस!

पाटी : सुताराचा हात गेला तर मागे काय राहतं?

धाकटा : मी राहतो ना! मी नाही का? पंधरा वर्षं तुझ्या शेजारी काय लाकूड उभं होतं? चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर तू खुणा केल्या असत्या आणि मी कापलं असतं. तू उभं राहून शिव्या दिल्या असत्यास. तेवढंच तर करतोस तसाही!

वहिनी : आणि डॉक्टर काय झोपलेत? चार महिन्यांपूर्वी दाखवलं असतं तर औषध झालं असतं काहीतरी. आता कोण जाणे.

पाटी : भीती वाटली.

वहिनी : वाटली तर बोलायचं होतं. तेव्हा तोंड उघडत होतं ना!

धाकटा : राहू दे, वहिनी.

वहिनी : राहू दे काय? तुला... तुला राग येत नाही, बारक्या?

धाकटा : येतोय की. इतका येतोय की हा पीच भिंतीवर मारावासा वाटतोय. पण मग सोलायला पाचच उरतील. इकडे दे ते पातेलं. पाण्यात जास्तच राहिलेत, बघ, साल नुसती लोंबतेय.

वहिनी : खरंच की. अगं बाई, हात लावला तर निघाली. मी सकाळी पाऊण तास...

धाकटा : बिया काढ. गर लाल आहे ना बीपाशी, तो थोडा खरवडून टाक, कडसर लागतो. दही किती आहे?

वहिनी : वाटीभर. साय काढून ठेवलीये. ह्यांच्या हाताला आधी काहीतरी लावू दे मला. फोड येईल. दुखत नाही म्हणून भाजलं नाही असं थोडंच आहे.

धाकटा : लाव. आणि उद्या दहाला वजनाबरोबर हातही दाखवायचा. मी येतो सोबत. सगळं मी सांगणार डॉक्टरांना, ह्याच्या पाटीवर मी आता भरवसा ठेवत नाही.

पाटी : ये.

धाकटा : तुला विचारलं नाही मी. येणारच आहे. वहिनी, कान झाक, मिक्सर लावतोय. ...गळतंय का?

वहिनी : थेंब नाही. रंग बघ ना कसा आलाय.

धाकटा : गाळणी धर. चमच्याने दाब, नुसती ओतून खाली उतरायची नाही. मागे काही राहतंय?

वहिनी : चिमूटभर. बाकी सगळं खाली गेलं. चाखू? ...चांगली झालीये. हे बोलायला मला जड जातंय, पण माझ्यापेक्षा चांगली झालीये. मध कमी आहे.

धाकटा : घाल अजून. वजन वाढायला हवंय. आणि फार गार नको, दात ठणकतात त्याचे.

वहिनी : हे घ्या. आता काढा खोड. आंबट नाही, गार नाही, धागे नाहीत. केली कुणी ते विचारू नका, तिघांच्या हातची आहे. तुमचा हात तर त्यात शिजलाय चांगला.

पाटी : घशाखाली जाणार नाही.

वहिनी : आता आणखी काय राहिलं?

पाटी : रोज ह्यासाठीच जात नव्हतं. तो माफी मागायचा आणि मला गिळता येत नव्हतं.

धाकटा : मग आता नाही मागत.

पाटी : मी मागायची आहे.

धाकटा : नको लिहूस. आज नको. आज लिहिलंस तर मी काहीतरी भलतंच बोलेन, आणि ते मला पुसता यायचं नाही. तार निघू दे. तोंडाने माग. तेव्हा मी ठरवीन द्यायची का नाही.

वहिनी : बारक्या, असं नको रे.

धाकटा : असंच. मी काही संत नाही, वहिनी. रात्री दचकून उठतोय मी अठरा दिवस, ते एका ओळीने जाणार नाही.

पाटी : आणि सोमवार?

धाकटा : सोमवारचं सोमवारी. ग्लास घे.

वहिनी : अहो, डाव्या हाताने नका, सांडेल. ग्लास ओला आहे, एका हाताने निसटेल.

धाकटा : सरक, वहिनी. मी बघतो. दादा, मान थोडी तिरकी कर. नळी मागच्या दाढेपाशी. आली? ओढ. हळू.

वहिनी : चढतेय. अहो, वर चढतेय! अडकतंय का काही? नाही? बोट हलवून सांगा. नाही म्हणतायत.

धाकटा : अर्धा झाला. दम घे.

पाटी : तू अजून रागावलायस.

धाकटा : हो. खूप.

पाटी : मग घरी जा. मी पितो.

धाकटा : तुला ग्लास धरता येत नाही, दादा. पी तू.